दऱ्यांचा दर्या

अकोले तालुक्याला समुद्र नाही. विदर्भातल्या अकोल्याविषयी आम्ही बोलत नाही. आमच्या जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या अंगावर वसलेल्या अकोल्याविषयी बोलतो आहोत. तिथे कळसूबाई आहे, हरिश्चंद्रगड आहे, साम्रदजवळची सांदण दरी आहे, भंडारदऱ्याचे धरण आहे. पाऊस उदंड, पण दर्या नाही. असे असताना काही वर्षांपूर्वी आमच्याच जुन्या संग्रहाची फाइल आम्ही संगणकावर उघडली, तेव्हा तिथल्या बायका जात्यावर बसून ओळीमागून ओळ दर्याचे वर्णन करताना आढळल्या. माहेरची वाट दर्यातून जात होती, गुरे दर्यात चरत होती, आणि कोणाचा तरी भाऊ भंडारदर्याला कामावर गेला होता.

कारण उघड होते. मूळ शब्द ‘दऱ्या’ हा होता, आणि त्यातल्या अर्ध्या ‘र’चा रफार झाला होता. ‘आचार्यास’ म्हणजे गुरूला आणि ‘आचाऱ्यास’ म्हणजे स्वयंपाक्याला, हे उदाहरण मराठीचा प्रत्येक शिक्षक वर्गात देतो. आम्हीही गेली अनेक वर्षे देत आलो आहोत. मुले हसतात आणि भेद लक्षात ठेवतात. आमच्या फाइलने तो लक्षात ठेवला नव्हता. मग तिने आणखी काय काय विसरले असेल, या धास्तीने आम्ही कामाला लागलो, आणि त्या कामाचा माग काढता काढता मराठी अक्षरांच्या एका अपुऱ्या इतिहासात जाऊन पोहोचलो. तो इतिहास भाषेच्या अभ्यासकांनी फारसा लिहिलेला नाही. अभियंत्यांनी लिहिला, तो आपल्या भाषेत लिहिला. म्हणून हा प्रयत्न.

आधी फाइलची हकीकत. २००३-०४ साली आम्ही दोघे एम.ए.ला होतो आणि अकोले व पारनेर तालुक्यांतल्या जात्यावरच्या ओव्या जमवत होतो. टेपरेकॉर्डर उसना होता. कॅसेटी पुरवून पुरवून वापराव्या लागत, एकावर दुसरे ध्वनिमुद्रण करावे लागे. म्हणून ऐकलेले रोज रात्री वहीत उतरवायचे, असा नेम होता. पुढे त्या वह्यांवरून नगरमधल्या एका डीटीपीच्या दुकानात सगळा संग्रह टंकित करून घेतला. (जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले, दुकानाच्या पावतीवर ‘अहमदनगर’ आहे, आणि बोलण्यात सगळे तेव्हाही ‘नगर’च म्हणत, आजही म्हणतात.) दुकानदार उत्साही होता. बाजारात नुकत्याच येऊ घातलेल्या एका मराठी फाँटची प्राथमिक आवृत्ती त्याला मिळाली होती. पक्की आवृत्ती दिवाळीपर्यंत येईल, तोवर ही वापरा, असे त्याला सांगण्यात आले होते. अक्षर सुबक होते. आम्हांला अजून काय हवे होते? प्रबंधिकेच्या प्रती छापल्या, बांधल्या, सादर केल्या. फाइल एका सीडीवर घेतली, सीडी कपाटात ठेवली. वह्यांपैकी तीन वाळवीने खाल्ल्या, एक उरली. प्रबंधिकेत संग्रहाचा निवडक भागच होता. संपूर्ण संग्रह होता तो सीडीवर.

कपाटातून ती सीडी बाहेर निघाली तेव्हा दुकान बंद होऊन बराच काळ लोटला होता. फाइल उघडली तर पडद्यावर रोमन अक्षरे, डॉलरची आणि पौंडाची चिन्हे, फ्रेंच भाषेत असतात तशी माथ्यावर टिंबे असलेली अक्षरे यांचा खच पडला. ज्यांच्याकडे शतक पालटण्याच्या सुमारास टंकित केलेला मराठी मजकूर आहे, त्यांना हे दृश्य परिचयाचे असेल. त्याच नावाच्या फाँटचा मजकूर युनिकोडमध्ये आणून देणारे एक परिवर्तक आम्हांला मिळाले. त्यातून मजकूर काढला आणि वाचता येईल असे मराठी समोर आले. आनंद झाला. तो दर्या दिसेपर्यंत टिकला.

हे का घडते, हे समजून घ्यायचे तर छापखान्यापर्यंत मागे जावे लागते. आणि आमच्या गावाला त्यासाठी फार लांब जावे लागत नाही. ‘ज्ञानोदय’ हे अमेरिकन मराठी मिशनचे नियतकालिक १८४२ साली नगरहूनच सुरू झाले. मराठी मुद्रणाच्या त्या पहिल्या पिढ्यांत, आणि पुढे निर्णयसागरच्या जावजी दादाजींनी देवनागरी खिळ्यांना सुरेख वळण दिले त्या काळातही, प्रत्येक छापखान्याची खिळे मांडण्याची रीत आपापली असे. कोणत्या खणात ‘क्ष’, कोणत्यात रफार, कोणत्यात अर्धा ‘र’, हे तिथल्या जुळाऱ्याच्या बोटांना पाठ असे. एका छापखान्यातला जुळारी दुसरीकडे गेला तर त्याला पहिले काही दिवस अडखळायला होई. वाचकाला त्याचे काही नव्हते. छापखान्याबाहेर पडे तो कागद; खणांची मांडणी आतच राही. छपाई झाली की खिळे सोडवून पुन्हा खणांत टाकायचे, की संपले.

१९९०च्या दशकात गावोगाव डीटीपीची दुकाने निघाली, ती चालवणाऱ्यांपैकी अनेकांनी धंदा छापखान्यातच शिकलेला होता. त्यांनी संगणकाकडे पाहिले ते नव्या तऱ्हेची खिळ्यांची पेटी म्हणूनच. त्या फाँटांची घडणही नेमकी तशीच होती. इंग्रजी अक्षरांसाठी राखलेल्या दोनशेच्या आतबाहेर जागा होत्या. त्यांत देवनागरीचे तुकडे बसवायचे. अर्धा ‘क’ एका जागी, काना दुसऱ्या, वेलांटी तिसऱ्या, रफार चौथ्या. कोणता तुकडा कुठे ठेवायचा, हे प्रत्येक फाँट करणारा आपल्या सोयीने ठरवी. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी, आकृती, सी-डॅकचे फाँट, अशा प्रत्येक घराण्याची मांडणी वेगळी. काही घराण्यांत एका आवृत्तीची मांडणी दुसरीशी जुळत नसे. कागदावर सगळे सारखेच मराठी दिसे. फरक इतकाच झाला होता की आता खणांची मांडणी छापखान्यात राहत नव्हती. फाइल फ्लॉपीवरून, सीडीवरून बाहेर पडे तेव्हा ती मांडणी तिच्यासोबतच जाई, आणि दुसऱ्या यंत्रावर तीच पेटी नसेल तर हाती उरत ते नुसते खणांचे क्रमांक. दुकानदारांना याचे वाईट वाटण्याचे कारण नव्हते. त्यांच्या लेखी माल म्हणजे कागद. फाइल हे सोडवून टाकायचे जुळवलेले पान.

महानुभावांची सकळ लिपी इथे आठवते. एका अक्षराच्या जागी दुसरे ठरवून लिहायचे, म्हणजे परक्याला वाचता येऊ नये, अशी ती व्यवस्था. पंथाचे ग्रंथ तिच्या आड शतकानुशतके राहिले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी विनायक लक्ष्मण भाव्यांसारख्या अभ्यासकांच्या हाती किल्ली आल्यावर मराठी वाङ्मयाच्या इतिहासाची सुरुवातच बदलली. पण सकळ लिपीची किल्ली मठामठांतून जपलेली होती. लपवणाऱ्यांना आपण लपवतो आहोत हे ठाऊक होते. आम्ही विसाव्या शतकाच्या अखेरीस हजारो पाने अशाच लिपीत लिहिली, कोणापासून काही लपवायचे नसताना, आणि किल्ली कोणी जपायची हा प्रश्नही मनात आणला नाही.

तेव्हा सामाईक मांडणी नव्हतीच काय? होती, आणि दुःख हेच की ती चांगली होती. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने १९८० च्या दशकात भारतीय लिप्यांसाठी एक संकेतप्रणाली घडवायला घेतली. तिचा पहिला आराखडा १९८३ चा, सुधारलेला १९८८ चा. ‘इस्की’ या लघुनावाने ती ओळखली जाते. कानपूरच्या आयआयटीत देवनागरी संगणकाचे जे काम झाले, ते १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये आले आणि ‘जिस्ट’ या नावाने वाढले. संगणकात एक जादा कार्ड बसवले की पडद्यावर भारतीय लिप्या उमटत. इस्कीचे तत्त्व असे की यंत्राने अक्षराचा आकार साठवायचा नाही, उच्चार साठवायचा. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी काढतो, पण इस्कीत आधी ‘क’ आणि मग ऱ्हस्व इकार. जोडाक्षर म्हणजे व्यंजन, हलन्त, व्यंजन. त्याला रूप कोणते द्यायचे हे पडद्याने पाहावे. ब्राह्मीपासून निघालेल्या सगळ्या लिप्यांना एकच क्रमांकांचा संच. लिपी बदलली की तोच मजकूर गुजरातीत किंवा कन्नडमध्ये दिसे. पाणिनीच्या देशातल्या माणसांनी केलेली ही रचना आहे, हे पाहताक्षणी कळते, असे म्हटले तर आमच्यावर अभिमानाचा आरोप होईल. तो आम्ही सोसू.

मात्र १९८८ ची इस्की हा विभागाने सिद्ध केलेला आराखडा होता. भारतीय मानक संस्थेचा शिक्का त्यावर बसायचा होता, आणि बसण्यापूर्वी त्यात बदल व्हायचे होते. नेमक्या याच वेळी अमेरिकेत जगातल्या सर्व लिप्यांना एकाच कोष्टकात बसवण्याचा उद्योग चालू होता. युनिकोडवाल्यांना देवनागरीसाठी काहीतरी आधार हवा होता आणि समोर होती ती १९८८ ची इस्की. त्यांनी ती घेतली; अक्षरे त्याच क्रमाने मांडली. १९९१ च्या अखेरीस युनिकोडची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली, आणि जवळजवळ त्याच सुमारास, नोव्हेंबर १९९१ मध्ये, भारतीय मानक संस्थेने इस्कीचे पक्के रूप आयएस १३१९४ या क्रमांकाने प्रसिद्ध केले. त्यात काही अक्षरांच्या जागा बदलल्या होत्या. थोडक्यात चुकामूक झाली. मूळ ग्रंथाचा मसुदा परदेशी अनुवादकाने नेला आणि इकडे लेखकाने शेवटचा हात फिरवला, असा प्रकार.

उदाहरण एकच देतो. १९९१ च्या इस्कीत ‘ऍ’ हा स्वर ‘ऐ’नंतर येतो, युनिकोडमध्ये तो ‘ए’च्याही आधी आहे. दोन्ही कोष्टके एकाच मुळाची असल्याने पुष्कळांचा असा समज होता की इस्कीच्या क्रमांकात ठरावीक संख्या मिळवली की युनिकोड मिळते. बऱ्याच जागी मिळतेही. घात होतो तो याच ‘बऱ्याच जागी’मुळे. काहीच जुळले नसते तर कोणीही सावध झाला असता.

या चुकामुकीला आम्ही फार मोठा गुन्हा मानत नाही. ‘क’चा क्रमांक अमुक असो वा तमुक, दोन्ही कोष्टके हाती असली की मजकूर इकडून तिकडे नेता येतो, तक्ता करावा लागतो इतकेच. ‘ळ’ आपण ‘ह’नंतर म्हणतो आणि युनिकोडने त्याला ‘ल’च्या शेजारी बसवले, म्हणून शब्दकोशाचा क्रम यंत्राला वेगळा शिकवावा लागतो, हेही चालण्याजोगे. खरे नुकसान झाले ते जिथे मराठीची गरजच मसुद्यात पुरती लिहिलेली नव्हती तिथे. त्यात आमचा अर्धा ‘र’ येतो.

हिंदीला या ‘र’ची गरज नाही. संस्कृतलाही नाही. मराठीला आहे, आणि नेपाळातल्या नेवारीला आहे. प्रत्येक सरकारी कागदात ज्यांचा उल्लेख होतो ते ‘शेतकऱ्यांचे’ या ‘र’वाचून लिहिता येत नाहीत. पण नियम असा की ‘र’, हलन्त, ‘य’ आले की रफार उमटतो. मग अर्धा ‘र’ लिहायचा कसा? युनिकोडच्या १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीत उत्तर होते: ‘र’ आणि हलन्त यांपुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालायचे. इस्कीचे उत्तर निराळे होते. द्रविड भाषांतला कठोर ‘र’ देवनागरीत उतरवण्यासाठी बुंध्याखाली टिंब असलेला ‘ऱ’ कोष्टकात होता. त्याला हलन्त जोडला की मराठीचा अर्धा ‘र’ समजायचा. म्हणजे तमिळ-मलयाळमच्या लिप्यंतरासाठी आणलेले अक्षर मराठी शेतकऱ्यांच्या कामी लावले. युनिकोडने पुढे हीच रीत मुख्य मानली, आणि जुन्या रीतीने लिहिलेले वाया जाऊ नये म्हणून तीही चालू ठेवली.

परिणाम असा की ‘दऱ्या’ आणि ‘दर्‍या’ हे दोन शब्द वाचकाला एक दिसतात आणि यंत्राला दोन. वरच्या वाक्यात आम्ही ते मुद्दाम दोन रीतींनी टंकित केले आहेत. डोळ्यांनी भेद शोधू नये, सापडणार नाही. एका रीतीने लिहिलेला ‘शेतकऱ्यांना’ दुसऱ्या रीतीने शोधला तर अनेकदा ‘आढळला नाही’ असे उत्तर येते. शिवाय ज्यांना या दोन्ही रीती ठाऊक नव्हत्या, त्यांनी तिसरीच रूढ केली: सरळ रफार द्यायचा, ‘शेतकर्यांना’. हे रूप आज फलकांवर आणि परिपत्रकांवर दिसते तेव्हा लोक ‘हल्लीच्या मुलांना शुद्धलेखन येत नाही’ म्हणून हळहळतात. मुलांची बाजू घ्यावी असे प्रसंग आम्हां मास्तर मंडळींवर क्वचित येतात, पण हा त्यांतला आहे.

‘ॲ’ची कथा अधिक करमणुकीची आहे. ‘बॅट’ लिहायला अडचण नव्हती. ‘ॲसिड’ लिहायला होती. हिंदीच्या सोयीचा ‘ऍ’, म्हणजे ‘ए’वर चंद्र, कोष्टकात होता, मराठीचा ‘अ’वर चंद्र नव्हता. विंडोज २०००, आणि पाठोपाठ २००१ ची एक्सपी, यांनी युनिकोड देवनागरी घरोघर नेली, तेव्हा कोणी ‘ऍसिड’ लिहिले. कोणी ‘अ’ला चंद्राची मात्रा जोडून पाहिली, तर काही यंत्रांवर चंद्राखाली ठिपक्यांचे एक वर्तुळ उमटले, जणू यंत्र विचारते आहे की या मात्रेचे अक्षर कुठे आहे. अखेर एप्रिल २००८ मध्ये युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत ‘ॲ’ला स्वतंत्र जागा मिळाली. राज्य शासनाने ‘ॲ’ आणि ‘ऑ’ यांना अधिकृत वर्णमालेत स्थान दिले ते ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने. यंत्राच्या कोष्टकात आधी आणि वर्णमालेत नंतर, अशी पाळी मराठीच्या एखाद्या अक्षरावर बहुधा पहिल्यांदाच आली असावी. तोवर पहिल्या दोन रीतींनी अगणित पाने लिहून झाली होती, आणि ती तशीच आहेत.

‘तशीच आहेत’ याला कारण आहे. युनिकोडने एकदा दिलेला क्रमांक पुन्हा बदलायचा नाही, हा दंडक आता पक्का आहे. तो आला कोरियामुळे. पहिल्या आवृत्त्यांत कोरियन अक्षरगटांची यादी अपुरी होती. १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीत ११,१७२ अक्षरगटांची पूर्ण यादी करून ती नव्या जागी नेली आणि जुनी जागा मोकळी केली. मधल्या काळात ज्यांनी जुन्या कोष्टकावर विसंबून कोरियन मजकूर साठवला होता, त्यांचा मजकूर एका आवृत्तीच्या फरकाने निरर्थक झाला. तिबेटी लिपीचे तर असे की ती पहिल्या आवृत्तीत होती, मग काढली आणि दुसरीत वेगळ्या जागी परत आणली. या गोंधळानंतर ठरले की चूक राहिली तर राहो, जागा हलवायची नाही. ब्रह्मदेशाने याची दुसरी बाजू पाहिली. तिथल्या लिपीची युनिकोडमधली रचना पुरी पटण्याजोगी नव्हती, यंत्रे ती नीट दाखवत नव्हती, आणि २००७ च्या सुमारास ‘झॉजी’ नावाचा एक फाँट आला. त्याने युनिकोडच्याच जागा घेतल्या, पण आपल्या पद्धतीने वापरल्या. २००८ मध्ये युनिकोडने बर्मीची रचना सुधारली, तोवर जनता झॉजीवर स्थिरावली होती. एकच देश दोन कोष्टकांत लिहीत होता, आणि एकाचे लिहिलेले दुसऱ्याच्या फोनवर भलतेच दिसत होते. अखेर १ ऑक्टोबर २०१९ रोजी सरकारने युनिकोडकडे अधिकृत प्रस्थान ठेवले.

इतके पाहिल्यावर असे म्हणणे सोपे आहे की मानक पक्के होईपर्यंत थांबायला हवे होते. तंत्राचे जाणकार असे म्हणतात. आम्हांला ते पटत नाही. वर्तमानपत्र रोज सकाळी निघायला हवे असते. प्रबंधिका मार्चअखेर द्यायची असते. अर्ध्या ‘र’चा निर्णय अमेरिकेतल्या समितीत होईस्तोवर शेतकऱ्यांविषयी लिहायचे थांबता येत नाही. आमचा दुकानदार दिवाळीपर्यंत थांबला असता तर आमचे वर्ष वाया गेले असते. आणि थांबून तरी काय? ‘ॲ’ची उणीव लोकांनी लिहायला घेतल्यावाचून जाणवलीच नसती.

आमचा आक्षेप वेगळा आहे, आणि तो मांडण्यासाठी जिल्ह्यातल्याच नेवाशाला जाऊ. शके १२१२ मध्ये तिथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली, सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली. पुढे तीनशे वर्षे ती नकलेवरून नक्कल अशी फिरली आणि पाठभेदांनी भरली. ती शुद्ध करायला एकनाथ बसले, तेव्हा त्यांनी एक गोष्ट केली जी आमच्या दुकानदाराने केली नाही, फाँट करणाऱ्याने केली नाही आणि आम्हीही केली नाही. आपण प्रत शोधली ती कोणत्या शकात, आधी पाठांची स्थिती काय होती, हे त्यांनी ग्रंथाच्या शेवटी लिहून ठेवले. शके १५०६, म्हणजे १५८४. हाती येणारी प्रत नाथांच्या आधीची की नंतरची, हे त्यामुळे विचारता येते. आमच्या फाइलीत फाँटचे नाव होते. ती प्राथमिक आवृत्ती आहे, पक्की नव्हे, हे कुठेच नव्हते. अपुऱ्या कोष्टकावर काम करणे हा नाइलाज असतो. कोणत्या अपुऱ्या कोष्टकावर केले हे न लिहिणे हा नाइलाज नसतो. त्याला एक ओळ लागते.

ती ओळ नसल्याने काय झाले, ते आता नीट सांगता येईल. परिवर्तक ज्याने लिहिले त्याच्यासमोर फाँटची पक्की आवृत्ती होती. तिच्यात अर्ध्या ‘र’चा तुकडा वेगळ्या खणात हलवला होता. आमच्या फाइलीतल्या त्या खणात पक्क्या आवृत्तीप्रमाणे साधा ‘र्’ होता. परिवर्तकाने प्रामाणिकपणे ‘र’ आणि हलन्त लिहिले, पुढे ‘य’ आला, आणि युनिकोडने आपल्या नियमाप्रमाणे रफार दिला. दऱ्यांचा दर्या झाला तो अशा तीन निर्दोष पायऱ्यांनी. याच रीतीने अनुस्वाराच्या एका खणाचा चंद्रबिंदू झाला होता आणि ‘ळ’च्या काही जागी ‘ल’ आला होता. प्रमाण मराठीचा मजकूर असता तर हे सारे एका बैठकीत दुरुस्त झाले असते, कारण बरोबर शब्द कोणता हे आपल्याला ठाऊक असते. बोलीत तसे नाही. अकोल्याच्या डांगाणात ‘ळ’च्या जागी दुसरा उच्चार आला असेल तर तो परिवर्तकाचा की म्हणणारणीचा? ‘न’ दिसला तर मूळ ‘न’ होता की ‘ण’? ज्या भेदांसाठी आम्ही हा संग्रह केला होता, तेच भेद संशयित ठरले.

दर्या सापडला हे एक प्रकारे बरेच झाले, कारण डोंगरात समुद्र कोणालाही खटकतो. खटकणार नाहीत अशा चुका किती आहेत, याचा हिशेब लागत नाही.

गेल्या दोन उन्हाळ्यांच्या सुट्ट्या आम्ही या कामाला दिल्या. उरलेली वही, प्रबंधिकेची छापील प्रत आणि फाइल अशी तीन साधने शेजारी ठेवून एकाने वाचायचे, दुसऱ्याने टंकित करायचे. प्रबंधिकेचा कागद पिवळा पडला आहे, पण त्यावरच्या दऱ्या दऱ्याच आहेत. पहिल्याच पानावर लिहिले आहे: युनिकोड, अर्धा ‘र’ टिंबाच्या ‘ऱ’ने, ‘ॲ’ स्वतंत्र अक्षराने, आणि ज्या ओव्यांना कागदाचा आधार नाही, त्यांच्या डाव्या बाजूला फुली. फुल्या पुष्कळ आहेत.

फुलीच्या ओव्या घेऊन मे महिन्यात आम्ही अकोल्याच्या त्या गावांत पुन्हा गेलो. ज्यांनी म्हटल्या होत्या त्यांतल्या बहुतेक जणी आता नाहीत. जातीही अंगणात पालथी पडली आहेत. एका घरी सूनबाई भेटल्या, त्याही आता पन्नाशीच्या. सासूबाईंची ओवी वाचून दाखवली आणि अडलेल्या शब्दावर बोट ठेवले: इथे ‘ळ’ होता की ‘ल’? त्यांनी डोळे मिटले, हाताने खुंटा फिरवल्यासारखे केले आणि ओवी सबंध म्हणून दाखवली. त्या जागी त्यांच्या तोंडी निराळाच शब्द होता. आम्ही तो तळटीपेत घेतला, पुढे सूनबाईंचे नाव आणि तारीख घातली, आणि फुली तशीच ठेवली.